पाठीवर ढाल, पायाखाली पृथ्वी

यान निकामी झालंय आणि पृथ्वी शेकडो किलोमीटर खाली. अशा वेळी अंतराळवीराने एकट्याने परतायचं कसं? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी यासाठी ‘मूस’ ही योजना मांडली. पुरुषभर लांबीची प्लास्टिकची पिशवी, हातात धरायचं रॉकेट, पॅराशूट, रेडिओ; सगळं मिळून सुमारे ९० किलो. स्पेससूटसह पिशवीत शिरायचं, आत पॉलियुरेथेनचा फेस भरायचा आणि पाठीशी उष्णतारोधक ढाल घेऊन वातावरणात उतरायचं.

कल्पना अचाट, पण तिचं भौतिकशास्त्र पक्कं आहे. कक्षेतला वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर, म्हणजे दर किलो वस्तुमानामागे ३० मेगाज्यूल ऊर्जा. तेवढ्यात दहा लिटरहून जास्त पाण्याची वाफ होईल. ही ऊर्जा हवेच्या हवाली करावी लागते. १९५०च्या दशकात एच. ज्युलियन ॲलन यांनी दाखवलं, की त्यासाठी टोकदार नव्हे, बोथट आकार हवा. बोथट ढालीपुढे आघाततरंग उभा राहतो आणि बहुतेक उष्णता हवेसोबतच बाजूने निघून जाते.

फुगवण्याचा फायदा इथेच. वजन फारसं न वाढवता पसारा वाढवला, की वर विरळ हवेतच वेग उतरू लागतो आणि ढाल कमी तापते.

शरीरावरचा भार मात्र फुगवून टळत नाही. उचल न घेता थेट खाली येणाऱ्या वस्तूचा कमाल गतिरोध तिच्या वजनावर किंवा रुंदीवर फारसा अवलंबून नसतो. तो वेग आणि शिरण्याचा कोन यांवर ठरतो. उथळ कोनातही तो ८ जीच्या, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या आठपटीच्या आसपास जातो. २००८ साली सोयुझ टीएमए-११ असंच उतरलं, तेव्हा पेगी व्हिटसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ८ जीहून अधिक भार सोसला. ‘मूस’मध्ये अंगाभोवती घट्ट बसणारा फेस हाच भार सगळ्या पाठीवर पसरवणार होता.

‘मूस’ ना नासाने स्वीकारली, ना अमेरिकी हवाई दलाने. फुगणाऱ्या ढालीचं तत्त्व मात्र खरं ठरलं. ३ सप्टेंबर २०२२ रोजी इस्रोने थुंबाहून सोडलेल्या रोहिणी रॉकेटवर, ८४ किलोमीटर उंचीवर, केव्हलारचा गतिरोधक नायट्रोजनने फुगवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नासाची ६ मीटर व्यासाची ‘लॉफ्टिड’ ढाल कक्षेतून परतून हवाई बेटांजवळ समुद्रात सुखरूप उतरली.

या दोन्ही चाचण्यांत माणूस नव्हता. ‘मूस’चा कच्चा दुवा ढाल नव्हे, हातातलं रॉकेट होतं: नेम चुकला की कोन बदलतो, आणि कोन तीव्र झाला की भार जीवघेणा होतो. एकट्या माणसाची सुटका करायची, तर फुगणाऱ्या कवचाला अचूक दिशा देणारी स्वयंचलित यंत्रणा जोडायलाच हवी.