डिपॉझिट भाडेकरूचेच असते

घर सोडताना रंगकाम, साफसफाई, ‘किरकोळ दुरुस्ती’ अशा नावांखाली डिपॉझिट कापले जाते आणि भाडेकरू गप्प राहतो. करारावर आपणच सही केली, आता बोलून काय उपयोग, असे त्याला वाटते. पण अनामत ही भाडेकरूचीच रक्कम आहे. मालकाकडे ती केवळ हमी म्हणून असते. तिचा लाभ मालकाला मिळतो, हे महाराष्ट्रातले मुद्रांक शुल्कही गृहीत धरते. लिव्ह अँड लायसन्स करारावर शुल्क आकारताना परत करायच्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज धरले जाते. 2 लाखांच्या डिपॉझिटवर हे व्याज वर्षाला 20 हजार होते. वर्षभर वापरायला मिळालेल्या पैशातून कपात करायची, तर तिचा हिशेब मालकानेच द्यायला हवा.

सही केली म्हणजे प्रत्येक अट मुकाट्याने सोसायची, असे कायदाही म्हणत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारभंगासाठी लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात स्पष्ट केले की, भरपाईसाठी नुकसान झालेले असावे लागते आणि ते सिद्ध करणे शक्य असेल तिथे सिद्धही करावे लागते. लॉक-इन, म्हणजे घर न सोडण्याची करारात ठरलेली मुदत, संपण्याआधी घर सोडले आणि महिन्याभरात दुसरा भाडेकरू आला, तर सगळे डिपॉझिट जप्त करणे या कसोटीवर टिकणे कठीण आहे. मात्र रंगकामाचा ठरावीक खर्च भाडेकरूने द्यायचा, असे स्पष्ट कबूल केले असेल, तर तो करारभंगाचा दंड ठरत नाही. म्हणून अशा अटींवर घासाघीस सहीपूर्वीच करावी.

मालकांची भीती खोटी नाही. 1947 च्या भाडे कायद्याने गोठवलेली भाडी आणि वर्षानुवर्षे न सुटलेली घरे त्यांनी पाहिली आहेत. पण 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 ने त्यावर उपाय दिला आहे. लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि दुप्पट परवाना शुल्क मागू शकतो. मग डिपॉझिटचे काम थकलेले भाडे, बिले आणि खरे नुकसान एवढेच उरते. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय ती लागू होत नाही, पण किती अनामत पुरेशी, हे त्यातून कळते.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हाही गैरसमज सोडायला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार लेखी करार आणि नोंदणी बंधनकारक आहे, जबाबदारी मालकाची आहे आणि तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. भाडेकरूने ताबा घेताना घराचे फोटो काढावेत, सामानाची यादी दोघांच्या सहीने करावी आणि डिपॉझिट परतीची तारीख करारात लिहून घ्यावी. तरीही थोड्या रकमेसाठी दिवाणी दावा लावणे बहुतेकांना परवडत नाही, आणि अन्याय तिथेच पचतो. म्हणून अनामतीला कमाल मर्यादा, परतीची मुदत आणि कपातीचा लेखी हिशेब या तिन्ही गोष्टी राज्याने कायद्यात आणायला हव्यात.