डॉल्फिनांतील पारदविषबाधा
किनाऱ्यालगतच्या डॉल्फिनांच्या शरीरात अन्नावाटे पारा साठून होणारी विषबाधा. उल्हास नदीच्या मुखप्रदेशात व ठाण्याच्या खाडीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाहक सोड्याच्या कारखान्यांतील पाराघटांतून पारा मिसळला. या उद्योगाने पुढे पटलघट स्वीकारले. पण गाळात बसलेला पारा त्यामुळे नाहीसा होत नाही. गाळातील सूक्ष्मजंतू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. प्लवक, लहान मासे व मोठे मासे या क्रमाने तो अधिकाधिक संहत होत डॉल्फिनात येतो. कोकण किनाऱ्यावरील कुबडधारी डॉल्फिन (सूसा प्लंबिया) उथळ पाण्यात व खाड्यांच्या मुखाशी मासे धरीत असल्याने त्यास हा धोका विशेष संभवतो.

यकृतात पाऱ्याचा बराच भाग सिलिनियमाशी संयोग पावून बव्हंशी निरुपद्रवी होतो. म्हणून वृद्ध प्राण्याच्या यकृतात पारा पुष्कळ आढळला, एवढ्यावरून तो त्यानेच दगावला असे म्हणता येत नाही. मात्र फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर लागलेल्या डॉल्फिनांत अतिसंचयाबरोबर यकृतविकारही आढळले (१९९३). मिथिल पारा मेंदूत शिरतो, तसाच वारेतून गर्भातही उतरतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या रोगात मानवी अर्भकांची हानी अशीच झाली. डॉल्फिनांत निदान शवपरीक्षेवरच अवलंबून असते आणि किनाऱ्यावर लागलेले शव कुजलेले असल्यास ऊतकांतील विकार ओळखता येत नाहीत.