घटीचा हिशेब : व्यवस्थापकीय लेखांकनातील एक नैतिक प्रश्न

व्यवस्थापनास निर्णयाकरिता माहिती पुरविणे व कामावर नियंत्रण ठेवणे हे व्यवस्थापकीय लेखांकनाचे प्रयोजन होय, असे पाठ्यग्रंथांतून सामान्यतः सांगितले जाते. या व्याख्येत नीतीचा उल्लेख नसल्यामुळे नैतिक प्रश्न अफरातफर आणि खोटा जमाखर्च यांपुरताच आहे, असा समज होतो. वस्तुतः तो त्याच्या पुष्कळ आधी, नियंत्रणासाठी एखादे प्रमाण ठरविले जाते त्याच वेळी, उद्भवतो. विदर्भातील कापसाच्या व्यवहारावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण यवतमाळ जिल्ह्यातील कापसाच्या बाजारपेठांपैकी एक आहे. अशा बाजारपेठेत आलेल्या कापसाचे वजन होते, त्याची प्रत व ओलावा पाहिला जातो, आणि पुढे जिनिंगच्या कारखान्यात त्यापासून रुई व सरकी वेगळी होते. १०० किलो कापसापासून साधारणतः ३३ ते ३५ किलो रुई निघते. उतारा ३४ टक्के धरल्यास ५ क्विंटल कापसापासून १७० किलो वजनाची एक गाठ होते. बाकीचा बहुतेक भाग सरकीचा असतो; जे थोडे उरते ती घट. उडालेली धूळ, काडीकचरा आणि सुकलेला ओलावा यांची ती बनलेली असते. रुई व सरकी काट्यावर तोलता येते. घट मात्र मुख्यतः वजाबाकीनेच कळते. नियंत्रणाची खरी अडचण या वजाबाकीत आहे.

उदाहरणादाखल, एका कारखान्यात हंगामात १०,००० क्विंटल कापूस आला आणि मंजूर घट २ टक्के ठरली, असे समजू. प्रत्यक्ष घट १.२५ टक्के झाली तर ७५ क्विंटल माल वाढीव दिसावयास हवा. तथापि मंजूर मर्यादेत बसलेल्या घटीबद्दल कोणी जाब विचारत नाही. म्हणून प्रत्यक्षात कितीही झाली तरी वहीत २ टक्केच लिहिण्याचा मोह होतो. त्या ७५ क्विंटलांपैकी एकतृतीयांश भाग रुई धरला तरी सुमारे १५ गाठी हिशेबाबाहेर राहतात. तफावतीच्या तक्त्यात मात्र शून्य दिसते, आणि नियंत्रण उत्तम आहे असा अहवाल वर जातो. येथे बेरीज चुकलेली नसते. चुकलेले असते ते प्रमाण.

ही घट कोणी सोसावयाची, हा याहून महत्त्वाचा प्रश्न होय. कच्चा कापूस खरेदी, प्रक्रिया व पणन यांविषयीचा महाराष्ट्राचा कायदा १९७१ मध्ये झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. ती मक्तेदारी आता उरलेली नाही. परंतु लेखांकनाच्या दृष्टीने तिची रचना बोधप्रद आहे. उत्पादकास प्रथम हमी दराने रक्कम मिळे. विक्रीच्या उत्पन्नातून प्रक्रिया, वाहतूक, व्याज इत्यादी खर्च वजा जाता वाढावा राहिल्यास त्याचा वाटा त्याला नंतर मिळावयाचा असे. अशा सामाईक हिशेबात वाढीव लिहिलेली प्रत्येक घट उत्पादकाच्या वाट्यातूनच जाते. परिव्ययाची वही ही तेथे केवळ नोंदीची वही राहत नाही. ती वाटपाची वही होते.

सध्याच्या आधारभूत किमतीच्या खरेदीतही हा प्रश्न संपलेला नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ८,११० रुपये ठरली. ही किंमत ८ टक्के ओलाव्याची असून, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे एक टक्का कपात होते. म्हणजे १२ टक्के ओलाव्याच्या कापसास ७,७८५ रुपये ६० पैसे मिळतात. ३२४ रुपये ४० पैशांची कपात शेतकरी सोसतो. तोच कापूस पुढे ८ टक्क्यांपर्यंत सुकला की त्याचे वजन ४ टक्क्यांहून किंचित अधिक घटते. त्याची किंमत शेतकऱ्याने आधीच दिलेली असते. हे सुकणे कारखान्याच्या मंजूर घटीत पुन्हा धरले गेल्यास एकच घट दोनदा आकारली जाते. या खरेदीतील तोटा केंद्र शासन भरून देत असल्याने दुसऱ्या आकारणीचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडतो. शेतकऱ्याच्या हाती असते ती काटापट्टी. घटीची वही त्याला दिसत नाही.

व्यावसायिक आचारसंहिता येथे कितपत उपयोगी पडतात? अमेरिकेतील व्यवस्थापकीय लेखापालांच्या संस्थेने क्षमता, गोपनीयता, सचोटी व विश्वासार्हता अशी चार मानके घालून दिली आहेत. भारतात परिव्यय लेखापालांविषयीचा कायदा १९५९ मध्ये झाला व व्यावसायिक गैरवर्तनाचे प्रकार त्याच्या परिशिष्टांत नमूद झाले. परंतु कारखान्यातील बहुतेक नोंदी ज्या कारकुनाच्या हातून होतात, तो कोणत्याही व्यावसायिक संस्थेचा सभासद नसतो. म्हणून सचोटीची अपेक्षा केवळ व्यक्तीकडून न करता ती नियंत्रणाच्या रचनेतच असावी लागते.

त्या दृष्टीने तीन गोष्टी आवश्यक ठरतात. ज्याच्या कामाची परीक्षा व्हावयाची त्यानेच घटीचे प्रमाण ठरवू नये. खरेदीच्या वेळचा व जिनिंगच्या वेळचा ओलावा दोन्ही नोंदवून सुकण्याची घट इतर घटीपासून वेगळी दाखवावी. आणि घट मंजूर मर्यादेपेक्षा कमी आली तरी तिची चौकशी व्हावी, तसेच ती प्रत्येक हंगामात मर्यादेइतकीच येत असेल तर अधिकच व्हावी. निसर्गाची घट ऋतूप्रमाणे व मालाप्रमाणे बदलते. जी घट कधीच बदलत नाही ती काट्यावर नव्हे, लेखणीने ठरलेली असते. हे ओळखून वेळीच व्यवस्थापनापुढे मांडणे, मग ते अप्रिय का असेना, हे हिशेबनिसाचे पहिले नैतिक कर्तव्य होय.