मिटलेला भंडारा मतदारसंघ आणि मतदाराची दोन मते

तिरोडा तालुक्यातलं चोरखमारा आपल्याला तलावामुळे आणि नागझिऱ्याच्या जंगलामुळे माहीत असतं. आज लोकसभेसाठी हे गाव भंडारा-गोंदिया मतदारसंघात मोडतं. पण 2008 च्या पुनर्रचनेपर्यंत नुसता ‘भंडारा’ मतदारसंघ होता. आज आपण त्याच्याविषयी बोलणार आहोत, कारण 1954 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे पोटनिवडणूक हरले. का हरले हे कळायचं तर आधी तेव्हाची मतदानाची रीत समजून घ्यावी लागते.

तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता आणि भंडारा मतदारसंघातून दोन खासदार निवडून जात, एक सर्वसाधारण जागेवर, एक अनुसूचित जातींसाठी राखीव जागेवर. प्रत्येक मतदाराला दोन मते. दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत, मात्र एक देऊन दुसरं न देण्याची मोकळीक होती. यालाच आपल्याकडे मत ‘कुजवणं’ म्हणतात! एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींमध्येही असे दोन प्रतिनिधींचे मतदारसंघ होते, आणि ही युक्ती तिथेही चाले.

1952 ला मुंबईत बाबासाहेब काजरोळकरांकडून सुमारे 14 हजार मतांनी हरले होते. मते कुजवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन ते आणि अशोक मेहता न्यायाधिकरणाकडे गेले. भंडाऱ्यात तीच युक्ती त्यांच्या कामी येऊ शकली असती. दुसरं मत कुजवा, असं कार्यकर्ते सुचवत होते. बाबासाहेबांनी नकार दिला. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता उभे होते, ते निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजारांनी जिंकले. म्हणजे आंबेडकरांच्या मतदारांनी मेहतांना साथ दिली, पण मेहतांच्या सवर्ण मतदारांची दुसरी मते तेवढ्या प्रमाणात बाबासाहेबांकडे वळली नाहीत, असाच अर्थ आम्ही लावतो.

ही पद्धत 1961 च्या कायद्याने गेली. 1962 ला गोंदियाला स्वतःचा मतदारसंघ मिळाला, तो फार टिकला नाही. 1967 ला मेहता पुन्हा भंडाऱ्यातून जिंकले, या वेळी काँग्रेसकडून! आणि 2008 मध्ये नाव बदललं तेव्हा गोंदिया जिल्ह्यातलंच आमगाव गडचिरोली-चिमूरला जोडलं गेलं.