चादर धरून उभे असलेले ते दोघे कोण?

आमच्या एका वाचक भगिनीने जुन्या गोष्टीच्या पुस्तकातले एक सुटे पान आम्हांस आणून दिले. पुस्तकाचा पुठ्ठा नाही, नाव नाही, पानाच्या मागे भलत्याच गोष्टीचा शेवट. आईने ते रद्दीतून उचलून मुलांसाठी घरी आणले होते. आईला अक्षरओळख नव्हती. ती चित्र बघून गोष्ट रचायची.

चित्र असे. गोल चौकट, आत नदी, नदीत मासे. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत एक थोराड वानर आडवे ताणलेले, आणि त्याच्या पाठीवरून बाकीची वानरे पलीकडे चाललेली. खाली दोन माणसे एक चादर ताणून उभी. आई सांगायची, हे राजाचे शिकारी, वानर दमून पडले की गुंडाळून नेणार. शेजारपाजारचे म्हणत, मारुतीचे चित्र आहे. भगिनींचा प्रश्न एवढाच, की ते दोघे त्याला धरायला आलेत की झेलायला? लहानपणी या चित्रापायी त्यांची झोप उडत असे.

मारुती तो नव्हे. गदा नाही, राम नाही, दगडांचा सेतू नाही. गोल चौकटीवरून आम्हांला भारहुतची आठवण झाली, आणि तेथल्या शिल्पाचा फोटो शेजारी ठेवताच उलगडा झाला. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहुतचा स्तूप होता. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांना त्याचे अवशेष सापडले. त्याचा दगडी कठडा आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या या कठड्यावर एका वर्तुळात हीच वानरे, हेच मासे आणि हीच चादर कोरलेली आहे. पुस्तकाच्या चित्रकाराने ते शिल्प पाहूनच रेघा ओढल्या, याविषयी आम्हांला शंका नाही.

गोष्ट आहे महाकपी जातकाची. पाली जातकसंग्रहातल्या ५४७ कथांपैकी ही ४०७ वी. (पूर्वजन्म मानायचा की नाही, हा वाद विहारात रंगतोच. तो तिथेच रंगू द्यावा.) गंगेच्या काठी एक आंब्याचे झाड होते. ८०,००० वानरांचा राजा, म्हणजे बोधिसत्त्व, नदीवरच्या फांदीला एकही फळ राहू देत नसे. फळ वाहत गेले तर माणसे माग काढीत येतील, हे तो जाणून होता. मुंग्यांच्या घरट्याआड एक आंबा राहिलाच. तो वाहत जाऊन वाराणसीच्या राजाच्या जाळ्यात अडकला. राजाने चव घेतली, आणि तराफे जोडून नदीने वर निघाला. रात्री वानरे दिसताच त्याने झाडाला तिरंदाजांचा वेढा घातला.

बोधिसत्त्वाने उडी मारून पलीकडचा काठ गाठला, अंतर मोजले, वेत तोडला. एक टोक झाडाला, दुसरे आपल्या कमरेला. पण कमरेला गुंडाळायला लागलेला वेत त्याने हिशेबात धरला नव्हता. तेवढाच कमी पडला. मग त्याने हातांनी फांदी धरली आणि उरलेला पूल स्वतःच्या अंगाचा केला. सगळी वानरे त्याच्या पाठीवरून गेली. शेवटच्याने मात्र उंचावरून मुद्दाम त्याच्या पाठीवर उडी घेतली. तो पूर्वजन्मीचा देवदत्त, असे जातक सांगते.

राजाने हे सारे पाहिले. आता चादरीकडे येऊ. पाली कथेत राजा मचाण बांधून त्याला अलगद उतरवून घेतो. आर्यशूराच्या संस्कृत जातकमालेत मात्र खाली कापड ताणून धरायला सांगतो आणि वर वेत व फांदी एकाच वेळी बाणांनी तोडवतो. म्हणजे चादर झेलण्यासाठीच आहे. ती माणसे राजाचीच, आईचे तेवढे बरोबर होते. मारायला आणलेले बाण वेत तोडायला वापरले गेले, इतकेच.

पुढे राजा त्याला आंघोळ घालतो, साखरेचे पाणी पाजतो, अंगाला तेल चोळतो, बिछान्यावर निजवतो आणि स्वतः खालच्या आसनावर बसून विचारतो, तू यांचा कोण लागतोस? बोधिसत्त्व सांगतो, मी यांचा राजा. ज्यांच्यावर राज्य केले त्यांना सुख मिळाले, आता मरणाचे दुःख नाही. भारहुतच्या वर्तुळात अगदी खाली दोघे समोरासमोर बसलेले आहेत, ते हेच. पुस्तकाच्या पानावर नेमका तो भाग फाटलेला आहे.

सांचीला जाल तेव्हा मोठ्या स्तूपाच्या पश्चिम तोरणाचे खांब बघा. तिथे नदी वरून खाली वाहते, राजा घोड्यावर आहे आणि एक तिरंदाज अजून नेम धरून आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात हीच कथा रंगांत आहे. तिथे उजेड कमी असतो. मुलांना गोष्ट घरीच सांगून न्यावे, म्हणजे वानरे चटकन सापडतात.