लिनक्सवर मोडेम चालत नाही, म्हणजे नेमके काय होते?

‘लिनक्सवर डायल-अप मोडेम चालत नाही’ ही समजूत ब्रॉडबँड आल्यावरही पुसली गेलेली नाही. ती पूर्णपणे खोटी नाही, म्हणूनच इतकी चिवट आहे. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतरची कितीतरी वर्षे घरचे इंटरनेट म्हणजे फोनची लाईन आणि मोडेम असेच समीकरण होते. त्याच काळात संगणकविषयक मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी मिळू लागल्या आणि हौसेने त्या बसवणाऱ्या अनेकांचा उत्साह मोडेमपाशी येऊन थांबला. पडदा दिसतो, माऊस हलतो, आवाजही येतो, पण मोडेम मात्र सापडत नाही. त्यावरून लिनक्सला मोडेम ओळखता येत नाही असा निष्कर्ष निघाला. अनुभव खरा होता, पण निष्कर्ष चुकला. संगणकात बसवलेल्या त्या कार्डावर बहुतेक वेळा संपूर्ण मोडेम नव्हताच.

मोडेमला तीन कामे करावी लागतात. फोनच्या लाईनशी विद्युत जोडणी सांभाळायची, संगणकाच्या आकड्यांचे ध्वनिसंकेत आणि ध्वनिसंकेतांचे आकडे करायचे, आणि संगणकाकडून आलेल्या आज्ञा समजून घेऊन चुकांची दुरुस्ती व माहितीचे आकुंचन सांभाळायचे. हेज कंपनीने 1981 मध्ये आणलेल्या स्मार्टमोडेमने या आज्ञांची एक साधी भाषा रूढ केली. ‘एटी’ लिहिले की मोडेम ‘ओके’ म्हणतो, ‘एटीडीटी’पुढे क्रमांक दिला की टोनने डायल करतो. ही भाषा बोलणारा आणि सिरियल पोर्टला जोडलेला मोडेम लिनक्सला पहिल्यापासून चालतो. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, सिरियल पोर्टचा पुरतो. विंडोजमध्ये जो कॉम-1, तो लिनक्समध्ये टीटीवायएस-0. कॉम-2 म्हणजे टीटीवायएस-1. पण 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकांचे प्रोसेसर वेगवान झाले आणि उत्पादकांनी यांतली कामे कार्डावरून काढून प्रोसेसरवर टाकली. काही कार्डांत संकेतांची चिप राहिली आणि फक्त आज्ञा समजणारा भाग गेला. काहींत लाईनच्या जोडणीपलीकडे फारसे काही उरलेच नाही. हीच ती विनमोडेम. विंडोजमध्ये ती कॉम-3 म्हणून दिसत, पण ते पोर्ट ड्रायव्हरने उभे केलेले, नावापुरते असे. नवखा माणूस त्या भरवशावर लिनक्समध्ये टीटीवायएस-2 शोधायला जाई आणि तिथे काहीच नसे. मोडेमचा बराचसा भाग विंडोजसाठी लिहिलेल्या एका फाईलमध्ये होता आणि ती फाईल लिनक्समध्ये नव्हती.

यावर रास्त आक्षेप असा, की वापरणाऱ्याला या अंतरंगाशी काय देणेघेणे? विंडोजमध्ये चालते, लिनक्समध्ये नाही, मग दोष लिनक्सचाच. पण विंडोजमध्ये ते आपसूक चालत नव्हते. कार्डाच्या खोक्यातली ड्रायव्हरची सीडी हरवली आणि विंडोज नव्याने बसवावी लागली, की तेच कार्ड तिथेही मुके होई. फरक एवढाच, की विंडोजसाठी कंपनीने सीडी दिली होती. मग लिनक्सवाल्यांनी स्वतः ड्रायव्हर का लिहिला नाही? कारण चिपशी कसे बोलायचे याची माहिती बहुतेक कंपन्यांनी उघड केली नाही. तरीही वाट निघाली. लूसंटच्या चिपसाठी ड्रायव्हर आला, स्मार्ट लिंकच्या चिपसाठीही आला. कोनेक्झंटच्या चिपसाठी लिनक्संट या कंपनीने ड्रायव्हर दिला, मात्र त्याची फुकट आवृत्ती 14.4 केबीपीएसवर रोखलेली होती आणि पूर्ण वेगासाठी पैसे मोजावे लागत. या ड्रायव्हरांचा गाभा बंदिस्त असे आणि मॉड्यूल ठरावीक कर्नलसाठी बांधलेले असे. कर्नल बदलला की काल चालणारा मोडेम आज बंद पडे, आणि बोल पुन्हा लिनक्सला लागे. प्रोसेसरकडून मोडेमचे काम करून घेणे ही मुळात चांगली आणि स्वस्त युक्ती होती. आक्षेप आहे तो माहिती दडवण्यावर. त्या दडवणुकीचा भुर्दंड ग्राहकाने भरला आणि बदनामी मात्र भलत्याचीच झाली, हे आजही खटकावे असेच आहे.

म्हणून नवख्याने पहिल्यांदा विचारायचा प्रश्न ‘कोणती लिनक्स?’ हा नाही, ‘कोणता मोडेम?’ हा आहे. सिरियल पोर्टला जोडायचा बाहेरचा मोडेम जवळजवळ डोळे मिटून घ्यावा. यूएसबीचा मात्र तपासून घ्यावा, कारण त्यांतही अर्धवट मोडेम निघतात. जे पूर्ण असतात, ते टीटीवायएसीएम-0 या नावाने दिसतात. याच्या उलट टोकाची समजूतही खोटी आहे: आतली सगळीच पीसीआय कार्डे विनमोडेम नव्हती. यूएस रोबोटिक्सची काही कार्डे संपूर्ण मोडेम होती आणि लिनक्सवर नीट चालत. एलएसपीसीआय ही आज्ञा चिपचे नाव सांगते. मिनिकॉम उघडून योग्य पोर्टवर ‘एटी’ टाइप केले आणि ‘ओके’ आले, तर संगणक आणि मोडेम यांच्यापुरता प्रश्न सुटला. नाही आले, तर आधी परवानगी पाहावी. रूट म्हणून चालते आणि एरवी नाही, असे असेल तर आपले नाव डायलआऊट गटात नसते, एवढेच. इंटरनेटसाठी रूट म्हणून वावरण्याची गरज मुळीच नाही.

दुसरा मोठा गैरसमज यापुढचा. मोडेम डायल करतो, किंचाळतो, शांत होतो, आणि तरी पाने उघडत नाहीत. मग मोडेम खराब ठरवून लोक मोकळे होतात. वास्तविक किंचाळणे थांबून ‘कनेक्ट’ आले, की मोडेमने आपले काम केलेले असते. पुढचे काम पीपीपीडीचे: नाव आणि पासवर्ड पटवणे, आयपी पत्ता मिळवणे, वाट ठरवणे. यातला प्रत्येक टप्पा नोंदवहीत लिहिला जातो आणि ती वाचली तर अंदाज बांधत बसावे लागत नाही. ‘नो डायलटोन’ आले, तर कदाचित मोडेमला आपल्या एक्स्चेंजचा सूर ओळखता येत नसेल; ‘एटीएक्स-3’ दिले की तो सुराची वाट न पाहता डायल करतो. कचेरीच्या ईपीएबीएक्समागे असाल, तर आधी शून्य आणि मग स्वल्पविराम द्यावा. स्वल्पविराम म्हणजे एरवी दोन सेकंदांचा थांबा. आयपी पत्ता मिळाला आणि आकडी पत्त्यावर पिंग जातो, पण नावाने काहीच उघडत नाही, तर घोटाळा डीएनएसचा. पीपीपीडीला ‘यूजपीअरडीएनएस’ हा पर्याय द्यावा. सर्वांत फसवा अडथळा नेटवर्क कार्डाचा: त्याच्यासाठी आधीच डिफॉल्ट वाट नोंदलेली असेल, तर पीपीपीडी ती बदलत नाही, आणि पाने फोनच्या लाईनने न जाता रिकाम्या केबलकडे पाठवली जातात. हे सगळे हाताने लिहायलाच हवे असेही नाही. डब्ल्यूव्हीडायल मोडेम स्वतः शोधून बरेचसे भरतो, आणि केडीईवाल्यांसाठी खिडक्यांचा केपीपीपी होताच.

वेगाबद्दलची तक्रार थोडक्यात निकाली निघते. पूर्ण मोडेम लाईनचा वेग समोरच्या मोडेमशी स्वतः ठरवतो, त्यात लिनक्सचा हात नसतो. ‘कनेक्ट 115200’ हा आकडा अनेकदा संगणक ते मोडेम या पोर्टचा असतो, लाईनचा नव्हे. 56 केबीपीएस ही फक्त उतरत्या दिशेची कमाल, तीही सेवा देणाऱ्याचे टोक डिजिटल असेल तर, व्ही.90 मध्ये चढत्या दिशेला 33.6 च. आणि हे बिट आहेत. आठाने भागले की सेकंदाला सात किलोबाइट उरतात.

फोनची डायल-अप मागे पडली, तरी ही माहिती वाया गेली नाही. नंतर गावोगावी पोहोचलेली यूएसबी डेटा कार्डे हीच एटीची भाषा बोलत होती. जीएसएमवर *99# आणि सीडीएमएवर #777 डायल करायचे, पुढे तोच पीपीपीडी आणि कित्येकांकडे तोच डब्ल्यूव्हीडायल. तिथेही ‘लिनक्स कार्ड ओळखत नाही’ अशी तक्रार होतीच. पुष्कळ कार्डे जोडल्याबरोबर स्वतःला मोडेम म्हणून नव्हे, तर विंडोजचे ड्रायव्हर ठेवलेली सीडी म्हणून सादर करत. लिनक्स ती सीडी बरोबर ओळखत असे. यूएसबी-मोडस्विच या छोट्या प्रोग्रामने कार्डाला भूमिका बदलायला सांगितले, की टीटीवाययूएसबी-0 किंवा टीटीवायएसीएम-0 दिसू लागे आणि डायल करता येई.