राजीनाम्यापूर्वींची तयारी

बदलापूरजवळ खरवईस औद्योगिक वसाहत आहे. तेथें काय किंवा अन्यत्र काय, नोकरमाणसाला श्रमांपेक्षां वशिल्याचा जाच अधिक होतो. काम आपण करावें आणि बढती मर्जींतल्या माणसाला मिळावी, हें शल्य मोठें बोंचरें. मग नोकरीवर लाथ मारावी काय?

एकोणिसावें शतक संपत आलें असतां लक्ष्मणराव किर्लोस्करांपुढें हाच प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते शिक्षक होते. बढतीची पाळी त्यांची, परंतु जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन गृहस्थास! लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगांवीं गेले.

हें धैर्य आपल्या डोळ्यांत भरतें. त्यामागची तयारी मात्र आपण विसरतों. बेळगांवांत १८८८ पासूनच त्यांचें सायकलींचें दुकान होतें. लक्ष्मणरावांनीं मुंबईहून सायकली धाडाव्या, बंधु रामूअण्णांनीं त्या खपवाव्या. पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें झालीं, लोखंडी नांगर झाले. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. नांगराला सुमारें दोन वर्षें गिऱ्हाईक मिळालें नाहीं. नुसत्या संतापानें बाहेर पडलेल्याला हीं दोन वर्षें कशीं निभावलीं असतीं? बेळगांवची जागाहि सोडावी लागली, तेव्हां १९१० मध्यें औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

तेव्हां राजीनामा लिहिण्यापूर्वीं घरखर्चाचा हिशेब मांडावा. अन्यायाची तारीखवार नोंद ठेवून वरिष्ठांस लेखी विचारावें. आणि सुटीच्या दिवशीं, आपल्या मालाला गिऱ्हाईक आहे काय, हें हिंडून पाहावें.